सीलबंद की पोर्टवाला? स्पीकरचा बॉक्स ठरवायचा आणि बांधायचा कसा, क्रमाने

पुण्याच्या तापकीर गल्लीतून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रिकामा बॉक्स आणायचा, त्यात मावेल तो वूफर (खालचा आवाज काढणारा मोठा स्पीकर) बसवायचा, मागे भोक आहे म्हणजे पोर्ट आहे असं समजायचं, आणि दोन दिवसांनी मला फोन, की अरे बास नुसता घुमतोय रे, सीलबंद घेतला असता तर बरं झालं असतं का? हा फोन इतक्यांदा आलाय की आता उत्तर लिहूनच ठेवतो. बॉक्स आधी आणि वूफर नंतर, इथेच गाडी चुकते. सीलबंद की पोर्ट हे तुमचा वूफर आणि तुमची खोली मिळून ठरवतात, आपण फक्त मोजायचं आणि हिशोब करायचा.

दोन्हीतला फरक तेवढा डोक्यात पक्का करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सीलबंद बॉक्समध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वूफरच्या पडद्याला मागून धरते. खालचा आवाज एका ठिकाणापासून हळूहळू उतरतो, दर ऑक्टेव्हला (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की) १२ डीबी, म्हणजे डेसिबल. पोर्टवाल्यात, म्हणजे बाहेर उघडणारा पाइप बसवलेल्या बॉक्समध्ये, पाइपमधली हवा हे वजन आणि बॉक्समधली हवा ही स्प्रिंग, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जे होतं तेच. त्या एका फ्रिक्वेन्सीला, म्हणजे ट्यूनिंगला, बराचसा आवाज पाइप काढतो आणि पडदा जवळजवळ थांबतो. पण त्याच्या खाली गेलं की आवाज २४ डीबीच्या उताराने कोसळतो आणि पडद्याला धरणारं कोणी उरत नाही, तो मोकाट हलतो. वूफर मरतात ते बहुतेक इथे.

संपूर्ण लेखात मी एकच उदाहरण धरतोय: साडेसहा इंची वूफर, एफएस (मोकळा वूफर ज्या फ्रिक्वेन्सीला स्वतःहून घुमतो ती) ४५ हर्ट्झ, क्यूईएस (चुंबक आणि कॉइल पडद्याला किती आवरतात त्याचा आकडा, जितका कमी तितकी पकड जास्त) ०.४२, क्यूटीएस (सगळी पकड मिळून तोच आकडा) ०.३८, व्हीएएस (पडद्याच्या आधाराइतकीच स्प्रिंग देणारी हवा) २२ लिटर. आकडे माझे आहेत, तुमच्या वूफरचे तुम्ही घाला, आहेत तसे उचलू नका.

## १. वूफरचे खरे आकडे मिळवा

डेटाशीट, म्हणजे कंपनीचा आकड्यांचा कागद, असेल तर उत्तम. त्यातले चार आकडे एका कागदावर लिहून घ्या: एफएस, क्यूईएस, क्यूटीएस, व्हीएएस. एक्समॅक्स (पडदा एका बाजूला किती मिमी नीट हलू शकतो ते) असेल तर तोही. "१५० वॅट" वगैरेचा इथे काही उपयोग नाही.

डेटाशीट नसेल, आणि आपल्याकडे सुटे मिळणाऱ्या वूफरपैकी बऱ्याच जणांची नसतेच, तर मोजावं लागेल, पण तेवढं अवघड नाहीये. आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर, दोन चॅनलचं लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड आणि १०० ओहमचा एक रेझिस्टर एवढ्यावर इम्पीडन्सचा, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वूफर विजेला किती अडवतो त्याचा, आलेख निघतो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकावर जाऊ नका, ते बहुतेक एकाच चॅनलचं असतं आणि तिथे दोन लागतात. आलेखात जो उंच सुळका दिसतो तो एफएस. व्हीएएस काढायला पडद्यावर माहीत असलेलं वजन चिकटवून दुसऱ्यांदा मोजायचं, सॉफ्टवेअर बाकीचं करतं. वजन म्हणून पोरांची क्ले वापरा, दहाएक ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर नाहीतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून. नाणं चिकटवू नका, हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची आहेत, खालचा चुंबक ती ओढतो आणि आकडा कचऱ्यात जातो. (मी केलंय. व्हीएएस ६० लिटर आला होता, साडेसहा इंची वूफरचा!)

मोजताना वूफर हवेत मोकळा हवा, मागचं भोक असेल तर तेही मोकळं. टेबलावर पालथा घालून मोजू नका. आणि अगदी कोरा असेल तर आधी काही तास कमी आवाजात वाजवून घ्या, नवा असताना सस्पेन्शन (पडद्याला धरणारा लवचीक आधार) कडक असतं आणि एफएस थोडा वर दिसतो.

तपासा: क्यूटीएस नेहमी क्यूईएसपेक्षा कमीच असतो. उलटं आलं तर मोजण्यात किंवा लिहिण्यात चूक आहे, पुढे जाऊ नका.

## २. खोली मोजा, हे कोणीच करत नाही

टेप घ्या आणि खोलीची लांबी-रुंदी मीटरमध्ये लिहा. मग १७१.५ ला त्या आकड्याने भागा. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर ४७ हर्ट्झच्या आसपास. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५६. या फ्रिक्वेन्सींना तुमची खोली स्वतःच घुमते, स्पीकर कुठलाही आणा.

आता बघा, बारा बाय दहाच्या खोलीत, म्हणजे आपल्याकडच्या अर्ध्याअधिक फ्लॅटमधल्या बेडरूममध्ये, ४७ ला खोली घुमतेय आणि तुम्ही ४८ ला ट्यून केलेला पोर्टवाला बॉक्स आणून कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवला, तर काय होणार? बासचा तो एकच सूर फुगतो आणि प्रत्येक गाणं त्याच एका सुरावर बोंबलतं, डग्गा असो, बास गिटार असो नाहीतर पिक्चरमधला स्फोट. मग दोष बॉक्सला.

जागाही आत्ताच ठरवा. टीव्ही युनिटच्या खणात कोंबणार आहात का? मागे भिंत किती लांब? खणात कोंबायचा असेल तर मागे पोर्ट असलेला बॉक्स आत्ताच यादीतून खोडा.

## ३. दोन्ही बॉक्सचं गणित करा, एकाचंच नको

आवडता पर्याय आधी ठरवून फक्त त्याचंच गणित करायची सवय आहे लोकांना. दोन्ही करा, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली चाळणी: एफएसला क्यूईएसने भागा. ५० च्या खाली आलं तर वूफर सीलबंदचा, १०० च्या वर आलं तर पोर्टचा, मधे आलं तर दोन्ही चालतील. आपला: ४५ भागिले ०.४२, म्हणजे १०७. पोर्टकडे झुकणारा. हा ठोकताळा आहे, कायदा नाही.

सीलबंद. इथे एकच आकडा ठरवायचा, क्यूटीसी, म्हणजे वूफर बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यूटीएस. ०.७०७ धरला तर आवाज सगळ्यात सपाट मिळतो. १ च्या आसपास गेलात तर सव्वा डीबीचा फुगवटा येतो, छोट्या बॉक्समध्ये कधी कधी तो बराही वाटतो, पण १.२ वगैरे म्हणजे डब्यातला आवाज. गणित असं: क्यूटीसीला क्यूटीएसने भागा, वर्ग करा, १ वजा करा, आणि व्हीएएसला त्या आकड्याने भागा. आपलं: ०.७०७ भागिले ०.३८ म्हणजे १.८६, वर्ग ३.४६, वजा १ म्हणजे २.४६, आणि २२ भागिले २.४६ म्हणजे जवळपास ९ लिटर. बास कुठून उतरायला लागतो ते बघायला एफएसला त्याच १.८६ ने गुणा: ८४ हर्ट्झ. तिथे ३ डीबी खाली.

पोर्टवाला. बॉक्सचं व्हॉल्यूम (आतली हवा, लिटरमध्ये) म्हणजे २० गुणिले व्हीएएस गुणिले क्यूटीएसचा ३.३ वा घात. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण दिसतं. आपलं येतं १८ लिटर. ट्यूनिंगसाठी व्हीएएसला या व्हॉल्यूमने भागा, त्याचा ०.३१ वा घात काढा, एफएसने गुणा: ४८ हर्ट्झ. ०.३१ ऐवजी ०.४४ घेतलंत की ३ डीबी खालची जागा मिळते: ४९ हर्ट्झ. हे सूत्र क्यूटीएस साधारण ०.३ ते ०.४५ असताना भरवशाचं आहे. ०.६ चा वूफर घेऊन त्यात घातलंत तर येणारा बॉक्स कपाटाएवढा असेल आणि तरी घुमेलच.

मग हेच आकडे विनआयएसडीत नाहीतर व्हिट्युइक्सकॅडमध्ये घालून दोन्ही आलेख एकावर एक बघा. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. फक्त आवाजाचा आलेख बघून बंद करू नका, पडद्याच्या हालचालीचा आलेखही उघडा, तुमच्या अॅम्प्लिफायरचे खरे वॅट घालून. पोर्टवाल्याची रेघ ट्यूनिंगपाशी खाली बसते आणि ३५-४० हर्ट्झच्या खाली जी सुसाट वर जाते ती बघितली की बास नॉब फिरवणारा हात आपोआप थांबतो.

## ४. आता ठरवा

आपल्याच उदाहरणात एकीकडे ९ लिटरचा बॉक्स ८४ हर्ट्झपर्यंत, दुसरीकडे दुप्पट मोठा बॉक्स ४९ पर्यंत. कागदावर पोर्टवाला सरळ जिंकतो, आणि मोठ्या हॉलमध्ये, भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून, सबवूफर नसताना मी डोळे झाकून तोच बांधीन.

पण सबवूफर असेल, एव्ही रिसीव्हर ८० हर्ट्झला वाटणी करत असेल, म्हणजे त्याखालचा आवाज सबवूफरला देत असेल, तर ४९ पर्यंत जाणारा बॉक्स बांधून काय फायदा, रिसीव्हर तो खालचा भाग तुमच्या स्पीकरपर्यंत येऊच देत नाही. उलट ८० च्या आसपास स्वतःहून हळू उतरणारा सीलबंद बॉक्स रिसीव्हरच्या फिल्टरशी छान जुळतो. छोटी खोली, खणातली जागा, टर्नटेबल (रेकॉर्डच्या खालच्या गुरगुरीने पोर्टवाल्याचा पडदा आत-बाहेर पोहत राहतो), यातलं काहीही असेल तर सीलबंद.

क्यूटीएस ०.५ च्या वर असेल तर पोर्टचा नाद सोडा. आणि वूफरचा एक्समॅक्स दोन-तीन मिमी असेल तर सीलबंद करून इक्वलायझरने बास वर खेचायचा नादही सोडा, कारण तेवढ्याच आवाजात एक ऑक्टेव्ह खाली जायचं तर पडद्याला चौपट हलावं लागतं, आणि ६ डीबी उचलायला अॅम्प्लिफायरला चौपट वॅट द्यावे लागतात.

अजूनही मन ठरत नसेल तर माझा साधा सल्ला: पोर्टवाला बांधा आणि पोर्ट बंद करायची चकती करून ठेवा. आपल्या उदाहरणात १८ लिटरचा पोर्ट बंद केला तर क्यूटीसी ०.५७ च्या जवळ येतो आणि ३ डीबीची जागा ८८ हर्ट्झ, म्हणजे ९ लिटरच्या सीलबंदपेक्षा फार वेगळं नाही, फक्त उतार आधीपासून आणि मऊ. उलटं जमत नाही. ९ लिटरच्या बॉक्सला नंतर ४८ चा पोर्ट लावायचा म्हटलं तर त्याच जाडीचा पाइप ३४ सेंमी लांब लागतो. बॉक्समध्ये जाणारच नाही.

## ५. पोर्टचा पाइप (सीलबंदवाल्यांनी सरळ ६ वर जा)

पाइप जाड घेतला की हवा आरामात जाते, फुसफुस होत नाही, पण लांबी वाढते. बारीक घेतला की लांबी आटोक्यात, पण जोरात वाजवलं की तोंडातून फूफू आवाज. सॉफ्टवेअरमध्ये पोर्टमधल्या हवेचा वेग दिसतो, तो १७ मीटर प्रति सेकंदच्या आत ठेवा, अगदीच जागा नसेल तर थोडा वर चालेल.

लांबीचं सूत्र, सगळं सेंटीमीटर आणि लिटरमध्ये: २३५६२.५ गुणिले पाइपच्या आतल्या व्यासाचा वर्ग, भागिले (ट्यूनिंगचा वर्ग गुणिले व्हॉल्यूम). येईल त्यातून ०.७३२ गुणिले व्यास वजा करा. ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप घेतला, तर ६३ हे बाहेरचं माप आहे, आत मोजलं तर साधारण ५८ मिमी भरतं. ५.८ घालून लांबी येते १५ सेंमी. ७५ चा पाइप घेतला आणि आत ७० भरला, तर लांबी जवळपास २३ सेंमी. एवढ्याशा बॉक्समध्ये मागच्या बाजूला नाक टेकेल. म्हणून इथे ६३ चा.

दुकानात कॅलिपर नसेल तर पट्टी घेऊन जा, प्रेशरप्रमाणे भिंतीची जाडी बदलते, "६३ म्हणजे ६३ साहेब" यावर विश्वास ठेवू नका.

थांबा: पाइप १५ ला कापू नका. १७ ला कापा. १७ ला ट्यूनिंग साधारण साडेपंचेचाळीसवर बसेल, मग मोजून अर्धा-अर्धा सेंमी कापत वर आणता येतं. कापलेला पाइप वाढत नाही.

पाइपच्या आतल्या टोकापासून समोरच्या भिंतीपर्यंत किमान पाइपच्या व्यासाएवढी जागा सुटली पाहिजे. दोन्ही टोकांच्या कडा पॉलिश पेपरने गोल करा, करवतीचे दाते राहिले तर शिट्टी मारतात.

एक गोष्ट कानात सांगतो: छोट्या खोलीत, भिंतीजवळ ठेवणार असाल तर मी गणितापेक्षा खाली ट्यून करतो, ४८ ऐवजी ४२. पाइप पावणेएकवीस सेंमी होतो, जरा लांब आहे पण पुढे सांगितलेल्या मापात बसतो. सॉफ्टवेअरमध्ये बास थोडा आधीपासून उतरलेला दिसतो, पण भिंत तो भरून काढते आणि ४७ चा घुमारा अंगावर येत नाही.

## ६. एकूण व्हॉल्यूम, मापं आणि सुतार

१८ लिटर हे हवेचं माप. वूफरचा मागचा भाग, पाइप, आतल्या आधाराच्या पट्ट्या, क्रॉसओव्हरची (वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटणाऱ्या सर्किटची) पाटी, हे सगळं हवा खातं. वूफर ०.७, पाइपचा आतला भाग ०.४, पट्ट्या ०.४, क्रॉसओव्हर ०.३ धरले तर एकूण २० लिटरच्या आसपास. सीलबंदला ९ चे साडेदहा धरा.

२० लिटरसाठी आतली मापं: रुंदी २०, खोली २७, उंची ३७ सेंमी. तिन्ही मापं वेगळी मुद्दाम आहेत, चौकोनी ठोकळा केला तर आतली घुमणी एकाच सुरावर जमा होते. १८ मिमीच्या फळीत तुकडे असे: पुढचा-मागचा २३.६ बाय ४०.६ दोन, बाजूचे २७ बाय ३७ दोन, वरचा-खालचा २३.६ बाय २७ दोन. हे एका बॉक्सचं, जोडीला दुप्पट.

आता माझी गोष्ट. पहिला बॉक्स केला तेव्हा सुताराला फोनवर सांगितलं, वीस, सत्तावीस, सदतीस. त्याने प्रामाणिकपणे तसाच करून दिला, बाहेरून. आत राहिलं पावणेतेरा लिटर, वूफर-पाइप वजा जाता अकराच्या आत. पाइप तोच १५ सेंमीचा, त्यामुळे ट्यूनिंग ४८ वरून गेलं ६२ वर. महिनाभर मी वूफरला शिव्या घातल्या. चूक सुताराची नव्हती, "आतून" हा शब्द मी बोललोच नव्हतो. तेव्हापासून तोंडी माप नाही, तुकड्यांची यादी कागदावर देतो. आणि त्याच्याशी बोलताना मिमी-सेंमी-सूत यांची खिचडी करू नका. तो "सहा सूत" म्हणेल म्हणजे पाऊण इंच, ते १९ मिमी, तुमची फळी १८ ची. प्रत्यक्षात मोजली तर कधी साडेसतराही भरते. फळी हातात आल्यावर जाडी मोजून यादी सुधारा, मगच कापायला द्या.

एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली फळी) की प्लाय? एमडीएफ कापायला सोपा, कडा सरळ, आवाजाला मुका. पण पाणी लागलं की पावासारखा फुगतो, कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपाशी ठेवणार असाल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, नाहीतर एमडीएफच्या सगळ्या कडा आतून-बाहेरून सीलरने बंद करा. ब्लॉकबोर्ड नको, आत पोकळ्या निघतात आणि त्या खुळखुळतात.

जमल्यास प्लायवाल्याकडच्या मोठ्या पॅनल सॉवर कापून घ्या, हातकरवतीच्या तुकड्यांत फटी राहतात आणि फटी म्हणजे गळती. पातं स्वतः तीन-चार मिमी खातं, ते यादीत धरलंय ना ते विचारा.

तपासा: सहा तुकडे टेबलावर नुसते उभे करून आतलं माप टेपने घ्या. फेविकॉलची बाटली उघडायच्या आधी.

## ७. भोकं आधी, जोडणी नंतर

वूफरचं, ट्वीटरचं (वरचा आवाज काढणारा छोटा स्पीकर), पाइपचं, टर्मिनलचं (मागे वायर जोडायची जागा), सगळी भोकं सुट्या फळीवर पाडून घ्यायची. बॉक्स बंद झाल्यावर जिगसॉ घेऊन बसलात तर भोक अंडाकृती होणार. कटआउटचा व्यास आणि फ्रेमचा बाहेरचा व्यास हे दोन वेगळे आकडे आहेत, साडेसहा इंची वूफरला साडेसहा इंची भोक पाडून वूफर आत पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

जोडणीचा क्रम: खालची फळी, दोन बाजू, मागची, वरची, मग आधाराच्या पट्ट्या, शेवटी पुढची. प्रत्येक जोडावर फेविकॉल सलग ओढा, थेंब थेंब नको, आणि क्लॅम्प लावल्यावर थोडा बाहेर आला पाहिजे, नाही आला तर कमी पडलाय. क्लॅम्प नसतील तर सायकलची जुनी ट्यूब कापून आवळून बांधा, चांगलं काम करते. एमडीएफच्या कडेत स्क्रू मारायचाच असेल तर आधी बारीक ड्रिलने वाट करा, नाहीतर फळी मधून उकलते.

आधाराच्या पट्ट्या बरोबर मध्यावर लावू नका, थोड्या वर-खाली. एक डावी-उजवी भिंत जोडणारी, एक पुढची-मागची. पाइपच्या तोंडासमोर येणार नाही हे बघा.

एक रात्र वाळू द्या. मग आत हात घालून सगळ्या कोपऱ्यांतून फेविकॉल आणि लाकडाचा भुसा कालवून बोटाने भरा. सिलिकॉन वापरत असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, आणि कुठलंही असलं तरी वास पूर्ण गेल्याशिवाय वूफर बसवू नका, त्या वाफा पडद्याच्या चिकटवणीला आणि तारेला चांगल्या नाहीत. एमडीएफ कापताना-घासताना मास्क लावा, ती धूळ फार बारीक असते.

पाइप या टप्प्यात चिकटवायचा नाही. भोकात घट्ट बसवून ठेवा, फट राहत असेल तर बाहेरून टेप.

## ८. आत काय भरायचं

इथे दोन्ही बॉक्सचे नियम उलटे आहेत आणि लोक नेमके उलटेच पाळतात.

सीलबंदमध्ये उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर, पिंजून, सैल, सगळीकडे. बॉक्स हवेला दहा-वीस टक्के मोठा वाटायला लागतो आणि क्यूटीसी थोडा खाली येतो. ठासून भरलंत तर उलटा परिणाम. गादीवाल्याकडे सुटा मिळतो. कापूस नको, दमट हवेत गोळा होऊन तळाला बसतो.

पोर्टवाल्यात फक्त भिंतींना अस्तर, इंचभर जाडीचं फेल्ट नाहीतर फोम, वूफरच्या मागची भिंत नक्की. मधली हवा मोकळी. पाइपच्या आतल्या तोंडापासून अस्तर वीतभर लांब ठेवा, सुटलेला धागा पाइपमध्ये ओढला जातो आणि फडफडतो.

## ९. गळती आणि ट्यूनिंग तपासा

वूफरखाली गॅस्केट लावा, दाराला लावतात तो फोमचा पट्टा चालतो. स्क्रू समोरासमोरचे आवळत जा, गाडीच्या चाकाचे आवळतात तसे.

गळती: सीलबंदमध्ये पडदा चार बोटांनी, सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबून सोडा. हळू परत आला, सेकंदभर घेऊन, तर बॉक्स पक्का. टणकन परत आला तर कुठेतरी गळतंय. पोर्टवाल्यात पाइप बंद करून हेच करा. गळती शोधायला २५-३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि उदबत्ती जोडांच्या जवळून फिरवा, जिथे धुराची रेघ थरथरते तिथे फट. माझ्या अनुभवात चोर बहुतेक वेळा जोडात नसतो, टर्मिनलच्या कपात असतो.

ट्यूनिंग: साउंड कार्ड असेल तर इम्पीडन्स परत मोजा. सीलबंदमध्ये एकच सुळका दिसेल, आपल्या उदाहरणात ८० च्या आसपास. पोर्टवाल्यात दोन सुळके, आणि मधली दरी म्हणजे ट्यूनिंग. एकच सुळका दिसला तर पाइप कुठेतरी बंद आहे किंवा मोठी गळती आहे.

काहीच उपकरण नसेल तर साबुदाणा. बॉक्स पाठीवर झोपवा, पडदा आकाशाकडे, त्यावर पाच-सहा दाणे टाका, मोबाइलच्या टोन जनरेटरवरून ७० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली या, आवाज इतकाच की दाणे जेमतेम उडतील. एका जागी दाणे शांत होतात, अजून खाली गेलं की परत नाचायला लागतात. शांत झाले ती फ्रिक्वेन्सी म्हणजे तुमचं ट्यूनिंग, एक-दोन हर्ट्झच्या फरकाने. दोन सावधगिऱ्या: पोर्ट मागे असेल तर झोपवलेला बॉक्स दोन्ही कडांना दोन-दोन विटांवर टेकवून ठेवा, नाहीतर जमिनीने पोर्ट बंद होतो आणि तुम्ही सीलबंदच मोजत बसता. आणि वूफरच्या मधे बंद टोपी नसून गोळीसारखा फेज प्लग असेल तर दाणे अजिबात नकोत, फटीतून कॉइलमध्ये गेले की वूफर गेला. तिथे बोटाचं टोक हलकेच टेकवून बघा.

ट्यूनिंग खाली आलं तर पाइप काढा, अर्धा सेंमी कापा, परत मोजा. साधारण सेंमीला सव्वा हर्ट्झ. आकडा जुळला की मगच पाइप एपॉक्सीने पक्का करा, आणि जोडीतल्या दुसऱ्या बॉक्सचा पाइप डोळे मिटून तेवढाच कापू नका, तोही मोजा.

## १०. आता ऐका, पण शिस्तीत

पोर्टवाला ऐकायच्या आधी अॅम्प्लिफायर किंवा प्लेअरमध्ये हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज अडवणारा) असेल तर ट्यूनिंगच्या आठ-दहा हर्ट्झ खाली लावून टाका, आपल्याकडे ३८ च्या आसपास. बास नॉब सरळ मध्यावर. लाउडनेसचं बटण बंद, लोक हे विसरतात आणि मग सगळ्या तुलनेचं वाटोळं.

चकती तयार असेल, म्हणजे पाइपच्या तोंडात बसणारी लाकडाची चकती, कडेने फोमचा पट्टा, तर तुलना एकदम स्वच्छ होते: तोच वूफर, तोच बॉक्स, तीच जागा. अॅम्प्लिफायरच्या आवाजाच्या नॉबला हात लावायचा नाही, मधला आवाज दोन्ही वेळेला तोच असतो. दोन वेगवेगळे बॉक्स असतील तर मात्र पातळी जुळवा, मोबाइलच्या मीटरवर ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात, अर्ध्या डीबीच्या आत. एक डीबी मोठा वाजणारा नेहमी "चांगला" वाटतो. चकतीऐवजी पाइपमध्ये पायमोज्याच्या कापडाचा किंवा मऊ फोमचा बोळा घातला तर ते धड सीलबंद नाही धड पोर्ट नाही, पण काही खोल्यांत तोच मधला आवाज सगळ्यात बरा लागतो, करून बघायला काय जातं.

ऐकायचं काय? आधी बातम्या वाचणारा पुरुषाचा आवाज. छातीतून, मडक्यातून आल्यासारखा वाटला तर घुमारा आहे, संगीत लावायची गरजच नाही, बॉक्स भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि परत ऐका. मग तबला: डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला सूर वर-खाली सरकताना सारखाच ऐकू यायला हवा, मधेच एका जागी फुगला तर ती खोली बोलतेय किंवा ट्यूनिंग. मग ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग, ढोलाचा ठोका पडून थांबतोय की मागे शेपटी राहतेय. शेपटी पोर्ट उघडा असताना येते आणि चकती लावल्यावर जाते, तर तुमच्या खोलीचं उत्तर मिळालं, चकती राहू द्या. चकती लावूनही जात नसेल तर बॉक्सचा काही संबंध नाही, स्पीकर कोपऱ्यातून हलवा.

हे एका संध्याकाळी संपवू नका, तीन-चार दिवस चकती काढत-घालत राहा. सनमायका, पॉलिश, रंग यातलं काहीही त्याआधी नको, कारण जागा बदलली, पाइप परत कापावा लागला तर सगळं खरवडावं लागतं. पंधरा दिवसांनी वूफरचे स्क्रू एकदा हाताने आवळून घ्या, तोवर गॅस्केट दबलेलं असतं, आणि मग फिनिशिंगवाल्याला बोलवा.